5 जणांना हॉटेल, की 43 जणांना भरीत?

प्रश्न: चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवतो. आमच्या आठवीच्या 5 मुलांच्या गटाचा तालुका विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर आला. मुख्याध्यापक म्हणतात, त्या पाचांना गाडीत घालून हॉटेलात न्या, शेवभाजी खाऊ घाला. मला मात्र शेतात भरीत पार्टी करावीशी वाटते. न्यायचे ते पाचच की वर्गातले सगळे 43? आणि एवढी मुलं घेऊन ही पार्टी सुखरूप पार कशी पाडायची?

उत्तर: सर, आधी तुमच्या मुलांचं मनापासून कौतुक. तालुक्याला पहिलं येणं ही खेड्यातल्या शाळेसाठी लहान गोष्ट नाही. मी 31 वर्षं जळगाव जिल्ह्यातल्या तीन गावांत शिकवलं, त्यातल्या निदान वीस हिवाळ्यांत मुलांना घेऊन शेतात भरीत केलं. त्यामुळे जे सांगते ते केलेलं सांगते, आणि जे चुकलं तेही सांगते.

सगळे 43 न्या. एकही मूल मागे ठेवू नका.

पाच जणांना हॉटेलात नेलं तर त्या दिवशी पाच खूश होतील आणि अडतीस जण खिडकीतून गाडी जाताना बघतील. त्या अडतिसांपैकी कोणी प्रदर्शनासाठी पुठ्ठे आणले असतील, कोणी घरचं सायकलचं चाक दिलं असेल, कोणाच्या अक्षरात तक्ते लिहिले गेले असतील. प्रकल्प मांडतात पाच, पण तो वर्गात उभा राहतो. हे मुलांना पक्कं माहीत असतं. मोठी माणसंच विसरतात. मुख्याध्यापकांना पाचांचा वेगळा मान हवा असेल तर तो परिपाठात करा. पूर्ण शाळेसमोर नाव घ्या, एकेक चांगलं पुस्तक हातात द्या. जेवण मात्र सगळ्यांचं.

आता बक्षिसाबद्दल थोडं. बक्षीस आधी जाहीर करायचं की नंतर द्यायचं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. 1973 साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. रंगीत पेनांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं त्यांनी घेतली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी तेच प्रशस्तिपत्र दिलं, आणि काहींना काहीच दिलं नाही. पुढे काही दिवसांनी मोकळ्या वेळेत कोण काय करतं ते पाहिलं, तर आधी आमिष दाखवलेली मुलं त्या पेनांकडे कमी वळत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड होती तशीच राहिली.

हे माझ्या वर्गात मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका वर्षी मी जून महिन्यातच सांगून बसले की वर्गाचा निकाल अमुक लागला तर भरीत. सहामाहीनंतर दोन कच्च्या मुलांना बाकीची मुलं ‘तुमच्यामुळे आपलं भरीत जाणार’ असं ऐकवायला लागली. त्यातला एक पोरगा आठवडाभर शाळेत आला नाही. घरी जाऊन त्याला आणावं लागलं. तेव्हापासून मी भरताची अट कधी घातली नाही. काम झालं, मुलं दमली, थंडीही पडली, की एक दिवस सांगायचं: परवा शेतात जायचं. तुमच्या बाबतीत नंबर आधी आला आहे आणि पार्टीचा विचार नंतर, तेव्हा तुम्ही बरोबर वाटेवर आहात. फक्त पुढच्या वर्षी ‘नंबर आणा आणि भरीत खा’ असं तोंडातून जाऊ देऊ नका.

हॉटेलापेक्षा शेत का, हे मुख्याध्यापकांना पटवायचं असेल तर सरळ सांगा की हॉटेलात मुलं फक्त गिऱ्हाईक होतात. शेवभाजी मला स्वतःला प्रिय आहे, काळ्या मसाल्याची तर्री आणि जाड शेव कोणाला नको? पण ती दुसरा करतो, मुलं बसून खातात, वीस मिनिटांत उठतात. भरिताला चार तास लागतात आणि त्या चार तासांत प्रत्येक हाताला काम असतं. शिवाय भरीत सगळ्यांना चालतं. कोंबडी केली की निम्मी मुलं वेगळी बसतात. भरतात तसं होत नाही. माळकरी घरातल्या मुलांसाठी कांदा-लसणाशिवाय एक वाटा आधी बाजूला काढला की झालं. आणि कागदावर हवं असेल तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीसाठी 10 दिवस दप्तराविना सांगितले आहेत. त्यातला हा एक समजा.

शेत कोणाचं निवडायचं, यावर मी जरा जास्त बोलणार आहे. कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथे झाली.

दुसऱ्या गावात असताना एका मोठ्या बागायतदारांनी स्वतःहून त्यांचं शेत देऊ केलं. केळीची बाग, भरपूर पाणी, चिंचेची सावली, मला आणखी काय हवं होतं. आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्या सालदाराने, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याने, झाडून, सडा टाकून ठेवलं होतं. दिवसभर तो माणूस आमच्यासाठी पळत होता. पाणी आण, काड्या आण, पानं काप, गरम भांडं उचल. मुलं त्याला ‘ओ काका, इकडे पाणी’ म्हणत होती. जेवायला बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की वर्गातला एक मुलगा पंगतीत नाही. शोधलं तर तो पंपाच्या खोलीमागे भिंतीला टेकून बसला होता. भूक नाही म्हणाला. परत येताना दुसऱ्या मुलाने सांगितलं, मॅडम, तो सालदार त्याचे वडील आहेत.

मला हे माहीत असायला हवं होतं. हजेरीपटात पालकाचा व्यवसाय लिहिलेला असतो. मी ‘मजुरी’ वाचलं होतं आणि पुढे विचार केला नव्हता. ज्या दिवशी त्या पोराने वर्गाबरोबर हसत-खेळत जेवायचं, त्या दिवशी त्याच्या बापाला त्याच्याच मित्रांना वाढायला लावलं. ते मी नंतर नीट करू शकले नाही. तो मुलगा दहावी होऊन गेला, चांगला आहे, पण त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं: शेत ठरवण्याआधी तिथे कोण राबतं ते विचारा. आपल्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बदलतं, तेव्हा गेल्या वर्षीची माहिती धरून चालू नका. वर्गातल्या एखाद्या मुलाचे आई-वडील तिथे असतील तर एक तर दुसरं शेत बघा, नाही तर त्या माणसाला त्या दिवसाचा गुरुजी करा. खरोखरचा गुरुजी, आग कशी रचायची, वांगं कधी उलटवायचं ते त्याने शिकवायचं, पाणी मुलांनी आणायचं, आणि पहिल्या पंगतीत पहिलं पान त्याचं. पुढच्या वर्षांत मी हेच केलं. एका वयस्कर सालदारांनी माझ्या सातवीच्या मुलांना जे शिकवलं ते मला इतकी वर्षं भरीत खाऊनही माहीत नव्हतं. मुलं लाकडाने वांगी सारखी टोचून बघत होती, तर ते म्हणाले, “घाई नका करा रे, वांगं सोता सांगस.” म्हणजे वांगं स्वतःच सांगतं. मग त्यांनी दाखवलं. वांगं आतून शिजलं की देठाजवळून रस निघतो आणि निखाऱ्यावर पडून चुर्र आवाज येतो. आवाज दोन-तीनदा आला की बाजू बदलायची. देठ हातात धरून हलवलं आणि वांगं मान टाकल्यासारखं लोंबलं की झालं. चाळीस पोरं श्वास रोखून तो आवाज ऐकत होती.

आता भरताकडे येऊ.

वांगी भरताचीच घ्या. फिकट हिरवी, अंगावर पांढरट रेघा, मोठी, पातळ सालीची, बी कमी. जळगावच्या या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. बामणोद, भालोद, आसोदा या गावांची नावं त्यासाठी घेतली जातात, पण मोसमात चोपडा-यावलच्या बाजारात चांगला माल येतो. जांभळं वांगं घेऊ नका, ते भाजल्यावर काळवंडतं आणि बऱ्याचदा बियांनी भरलेलं निघतं. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकं लागलं तर घ्या. जड वांग्यात बी जास्त. सालीवर बारीक भोक दिसलं की आत अळी असणार, ते बाजूला ठेवा. फवारणी वांग्यावर बरीच होते, म्हणून आदल्या संध्याकाळी शाळेतच भरपूर पाण्यात चोळून धुऊन, पुसून ठेवा. हे काम मुलांकडून करून घ्या.

माप असं धरा. मोठ्यांच्या पार्टीत किलोला तीन माणसं धरतात, आठवीच्या मुलांना किलोला चार पुरतात. तुम्ही 43 आणि मोठी पाच-सहा माणसं, तेव्हा 12 ते 13 किलो वांगी. हिरवी मिरची अर्धा किलोपेक्षा जास्त नको, आणि तीही निम्मी पोपटी, कमी तिखट. ज्यांना झणका हवा त्यांच्यासाठी ठेचा वेगळा ठेवा. लसूण अर्धा किलो, पातीच्या कांद्याच्या 10 जुड्या, शेंगदाणे दीड किलो, कोथिंबीर हवी तेवढी, तेल 2 लिटर. कळण्याचं पीठ 7 ते 8 किलो. 4 भाग ज्वारी, 1 भाग सालीसकट उडीद, थोडे मेथीदाणे आणि मीठ घालून गिरणीत दळून आणायचं. कळण्याच्या भाकरी शेतात थापायला वेळ लागतो आणि तवेही जास्त लागतात. चाळीसच्या वर मुलं असली की मी कळण्याच्या पुऱ्या करते आणि मुलांना शिकायला म्हणून एका चुलीवर भाकरी ठेवते. त्या चुलीवर मुलांना आणि मुलींना सारखंच बसवा. मुलगे आगीपाशी आणि मुली पिठापाशी अशी वाटणी आपोआप होते. ती होऊ द्यायची नाही. माझ्या एका वर्गात सगळ्यात गोल भाकरी एका कुस्ती खेळणाऱ्या पोराची झाली होती. त्याची आई वारली होती आणि घरचं तोच करायचा. त्या दिवशी वर्गाला ते कळलं आणि पोरी त्याच्याकडून थापायला शिकल्या.

जळणासाठी कपाशीच्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, उत्तम, तुरीच्या तुराट्या त्याहून चांगल्या. काड्यांचा जाळ भडकतो आणि पटकन बसतो, तो बसला की निखारा मिळतो. भडकलेल्या जाळात वांगं ठेवलं तर साल जळते आणि आत कच्चं राहतं. तुम्ही विज्ञानाचे शिक्षक, उष्णता आत कशी जाते हे फळ्यावर काढण्यापेक्षा दोन वांगी मुद्दाम जाळात टाका, दोन निखाऱ्यावर, आणि कापून दाखवा. मुलं विसरणार नाहीत. काड्या नुकत्याच फवारलेल्या शेतातल्या नकोत. आणि शेतकऱ्याकडे बांधावर रचलेली रास असेल तर ती उचलताना मुलांना हात लावू देऊ नका. आत विंचू असतो, सापही असतो. मोठ्या माणसाने आधी काठीने हलवून मग काड्या काढायच्या. तसंही गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाट्या शेतात रचून ठेवू नका असं कृषी विभाग वर्षानुवर्षं सांगतो आहे. त्यावर मुलांशी बोलायला याहून चांगली जागा नाही.

वांग्याला भाजण्याआधी तेलाचा हात लावा आणि चाकूने दोन ठिकाणी टोचा, म्हणजे फुटून गरम गर उडत नाही. भाजलेली वांगी टोपलीत घालून ओल्या फडक्याखाली दहा मिनिटं झाका, साल सैल होते. साल काढताना हात पाण्यात बुडवून घ्यायचे, वांगं पाण्यात नाही. धुतलं की धुराचा वास गेला, आणि मग घरच्या गॅसवरचं आणि हे एकच. प्रत्येक वांगं उघडून आत बघायचं. अळीचा काळा मार्ग दिसला तर तेवढा भाग काढून टाकायचा.

मग बडगी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बडगी म्हणजे लाकडाचं खोलगट भांडं, त्यात लाकडी मुसळीने वांगी ठेचतात. मिक्सरमध्ये वांग्याची पेस्ट होते, भरीत होत नाही. बडगीत ते दोऱ्या-दोऱ्यांचं राहतं. गावात ज्या घरी मोठे कार्यक्रम होतात तिथे बडगी मिळते. तुमच्या भागात लेवा पाटील घरांत विचारा, हमखास असेल. भाजलेली मिरची आणि लसूण आधी ठेचून घ्यायचा, मग वांगी. मुसळ आळीपाळीने सगळ्यांच्या हातात द्या. प्रत्येकाने दहा ठोके मारायचे आणि बाकीच्यांनी मोजायचे. हे ठोके मोजणं मुलांना जेवणाइतकंच आवडतं.

फोडणीत मोहरी, जिरं, शेंगदाणे चांगले लाल होईपर्यंत, मग पातीचा कांदा, मग ठेचलेलं वांगं, मीठ, वरून कोथिंबीर. काही घरी कच्च्या तेलाचं, बिनफोडणीचं भरीत करतात आणि ते खाणारे फोडणीच्याला हात लावत नाहीत. एक लहान पातेलं तसं करा, मुलांचं आपसात भांडण लावायला चांगलं आहे.

शेंगदाण्याचा त्रास असलेलं एखादं मूल असतं. वांग्यानेही काहींच्या तोंडाला खाज सुटते. संमतीपत्रावर हे दोन प्रश्न स्वतंत्र विचारा, आणि शेंगदाण्याचा त्रास कोणाला असेल तर त्या दिवशी शेंगदाणे पूर्ण बंद ठेवा.

पैशाची वर्गणी काढू नका. वीस रुपयेसुद्धा नकोत. वीस रुपये नसलेलं मूल त्या दिवशी ‘पोट दुखतं’ म्हणून घरी राहतं. मी शिधा मागवत असे. वांगी, तेल आणि पीठ शाळेकडून किंवा शिक्षकांकडून. बाकी ज्याच्या घरी जे असेल ते मूठभर आणायचं: शेंगदाणे, दोन कांदे, लसणाची कुडी, कोथिंबीर. वर्गाच्या दाराशी पोती ठेवायची आणि येता-जाता त्यात टाकायचं. नाव नाही, यादी नाही, कोणी किती आणलं ते बघायला कोणी बसायचं नाही. ज्याने काही आणलं नाही तो काड्या वाहील, पानं पुसेल. मुख्याध्यापक कदाचित म्हणतील की मग हिशोब कसा ठेवायचा. शाळेने आणलेल्या मालाचा ठेवा, मुठींचा ठेवू नका.

पंगतीला केळीची पानं. चोपडा म्हणजे केळीचा पट्टा, पानांना तोटा नाही. पण पानं कापताना मुलांना गणवेशात पाठवू नका. केळीच्या चिकाचा डाग लागला की जात नाही, आणि ज्या घरी वर्षाला एकच गणवेश असतो तिथे त्या डागासाठी मूल मार खातं. जुने कपडे घालून यायला सांगा. नायलॉनचे, पॉलिस्टरचे झुळझुळीत कपडे मात्र आगीपाशी नकोत. ओढण्या कमरेला गाठ मारून बांधायच्या.

बसताना चिठ्ठ्या टाका. तुम्ही म्हणाल, एकाच वर्गातली मुलं आहेत, बसतील हवी तशी. तशी बसली की वस्तीप्रमाणे बसतात, सर. गल्लीतली गल्लीपाशी, पाड्यावरची पाड्यापाशी. मी नंबरांच्या चिठ्ठ्या टाकायचे आणि ओळी लावायचे. वाढपीही चिठ्ठीने. या एका गोष्टीवर एका गावात पालकांची तक्रार आली होती. दोघं-तिघं भेटायला आले, मी त्यांना पुढच्या पंगतीला बोलावलं. एक जण आले, जेवले आणि पुढे काही म्हणाले नाहीत.

तुमच्या पाच मुलांचा मान इथे करा, आणि तो असा करा. वांगी फडक्याखाली झाकलेली असतात ती दहा मिनिटं मोकळी असतात. त्या वेळी पाचांना उभं करा आणि प्रत्येकाने सांगायचं, प्रकल्पाला कोणी काय मदत केली. नावानिशी. मी हे एका क्रीडास्पर्धेनंतर केलं होतं. खो-खोच्या बारा मुलींनी मिळून तीसेक नावं घेतली. रोज संध्याकाळी मैदानावर पाणी मारणाऱ्या मुलाचं नाव आलं, घरची धुणी-भांडी लवकर उरकून धाकट्या बहिणीला सांभाळणारीचं आलं. ज्यांची नावं आली त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

आता धोक्याच्या गोष्टी, थोडक्यात पण गांभीर्याने. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांची संमतीपत्रं, शाळा व्यवस्थापन समितीला आधी कल्पना. शेत शाळेपासून चालत जाण्याइतकं जवळचं, म्हणजे वाहनाचा प्रश्नच नको. दहा मुलांमागे एक मोठं माणूस, त्यात बाई शिक्षिका किंवा आई हवीच. शेतात विहीर असेल तर एका माणसाने दिवसभर फक्त विहिरीपाशी बसायचं, दुसरं काही करायचं नाही. कठडा नसलेली विहीर असेल तर ते शेत नकोच. पिण्याचं पाणी घरून किंवा शाळेतून न्या. शेतातला ड्रम दिसला की मुलं तोंड लावतात, आणि त्याच ड्रममध्ये काल औषध कालवलेलं असतं. आग नांगरलेल्या मोकळ्या तुकड्यावर, कडब्याच्या आणि कापसाच्या ढिगापासून लांब, वाऱ्याची दिशा बघून. ठिबकच्या नळ्या खाली आहेत का ते आधी बघा, मातीने झाकलेल्या असतात; वितळल्या तर शेतकऱ्याचं नुकसान आणि पुढच्या वर्षीचं शेत गेलं. दोन बादल्या पाणी आणि एक पाटी माती आगीपाशी तयार. भाजलं तर लगेच गार वाहत्या पाण्याखाली, 20 मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही. मग डॉक्टर. निघताना निखाऱ्यांवर पाणी टाकून राख हाताला गार लागेपर्यंत तिथून हलायचं नाही. पानं गुरांना, कागद-प्लास्टिक परत पिशवीत.

दिवस ठरवताना वार विचारा. मार्गशीर्षातला गुरुवार नको, बऱ्याच मुलींच्या घरी उपास असतो आणि त्याही करतात. एकादशी नको. काही घरांत चातुर्मासात वांगं बंद असतं ते चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच सुरू होतं, तेव्हा चंपाषष्ठीच्या आधी नको. त्यानंतर संक्रांतीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. थंडी असते, वांगी भरात असतात, दुपारचं ऊन बाधत नाही. सकाळी साडेआठला निघा, साडेनऊला आग, बाराच्या आत पंगत, दोनला मुलं घरी.

फेब्रुवारी लागला तर भरताचा हट्ट सोडा, वांगी कडक आणि बियाळ व्हायला लागतात. तेव्हा ओल्या हरभऱ्याचे डहाळे भाजा, नाही तर वरण-बट्टी करा. बट्टी गोवऱ्यांवर भाजली की तिचा वास वेगळा, आणि गोळे करायला सगळे हात लागतात. येताना बोरं विकत घ्या. मेहरूणची मिळाली तर उत्तम.

आणि बडगी ज्यांच्याकडून आणाल त्यांना ती परत द्यायला तुम्ही जाऊ नका, दोन मुलांना पाठवा. स्वच्छ धुऊन, वाळवून, आणि आत वाटीभर भरीत ठेवून.